मिसळीच्या कटापासून सिलिकाच्या नळीपर्यंत: क्रोमॅटोग्राफी हाताने शिकताना

मिसळीच्या वाटीत कट ओतून दोन मिनिटं थांबलं की तांबडं तेल वर येतं आणि पाणी खाली राहतं. मिरचीचा रंग तेलात गेलेला असतो, मीठ पाण्यात. कुणी वेगळं करायला बसलेलं नसतं, ज्याला जिथं बरं वाटतं तिथं तो पदार्थ जातो. कोल्हापुरातल्या पोरांना क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ सुटे करायची पद्धत, शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो, कारण कट सगळ्यांनी बघितलेला असतो.

बी. एस्सी.ची प्रॅक्टिकल घेताना दरवर्षी एकच गोष्ट दिसते. स्थिर प्रावस्था, गतिमान प्रावस्था, अधिशोषण, सगळं तोंडपाठ असतं. मग हातात सिलिकाची, म्हणजे पांढऱ्या बारीक पुडीचा थर दिलेली, प्लेट दिली की बहाद्दर त्यावर रुपयाएवढा ठिपका ठेवतो. पुढं सगळं लिंपून निघतं आणि वहीत ‘प्रयोग यशस्वी’ असं लिहिलं जातं. हा लेख त्या हातासाठी आहे.

रेणू थांबतात कुठं, चालतात कधी

कटात तेल आणि पाणी दोन्ही जागच्या जागी असतात, म्हणून वाटणी एकदाच होते. क्रोमॅटोग्राफीत दोघांपैकी एकाला खिळवून ठेवायचं आणि दुसऱ्याला त्याच्यावरून वाहू द्यायचं, म्हणजे तीच वाटणी शेकडो वेळा होते. खिळलेली ती स्थिर प्रावस्था: कागद, काचेवर थापलेली सिलिका, नळीत भरलेली पूड. वाहणारी ती गतिमान प्रावस्था, म्हणजे द्रव किंवा वायू. प्रयोगशाळेत आम्ही सरळ स्टेशनरी फेज आणि मोबाइल फेज म्हणतो.

पुस्तकात बाजारातल्या गर्दीचं उदाहरण हमखास असतं, पण त्यातली गोम सांगायची राहून जाते. समजा दोन जावा कोल्हापुरात बिनखांबी गणेशापासून महाद्वार रोडनं पापाच्या तिकटीकडं निघाल्या. दोघींची चाल अगदी सारखी. एक दर दुकानात शिरते, दुसरी मोजक्याच ठिकाणी थांबते. तिकटीला दोघी वेगवेगळ्या वेळी पोचतात ते फक्त थांबण्यामुळं. रेणूंचंही तसंच आहे. सिलिकाला चिकटलेला रेणू जागचा हलत नाही. सुटला की तो सॉल्व्हंटच्या, म्हणजे वाहणाऱ्या द्रवाच्याच वेगानं जातो, ना कमी ना जास्त. ‘हा रंग वेगानं पळतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो कमी थांबतो.

हे एकदा डोक्यात बसलं की आरएफ मूल्य पाठ करावं लागत नाही. ठिपक्यानं कापलेलं अंतर भागिले सॉल्व्हंटनं कापलेलं अंतर. सॉल्व्हंट ८ सेंमी चढला आणि ठिपका २.४ सेंमी, तर आरएफ ०.३०. म्हणजे तो पदार्थ एकूण वेळातला तीन दशांश वेळ सॉल्व्हंटमध्ये होता आणि सात दशांश सिलिकाला धरून बसला होता. आरएफ कधीही १ च्या वर जात नाही. माझ्याकडं दरवर्षी एक तरी १.२ येतो. ते आकडे उलटे भागलेले असतात.

आता थांबतात कोण? सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (OH) गट असतात, म्हणून ती ध्रुवीय असते, म्हणजे तिच्यावरचा विद्युतभार एकसारखा वाटलेला नसतो. ज्या रेणूत आम्ल, अल्कोहोल, अमाइन असे गट आहेत ते तिला घट्ट धरतात. नुसती कार्बन-हायड्रोजनची साखळी असलेले सुळकन निघून जातात. सॉल्व्हंटही त्याच जागांसाठी भांडत असतो. तो जितका ध्रुवीय, तितका तो रेणूंना उठवून स्वतः बसतो. सिलिकावरची चढती भाजणी अशी: हेक्झेन, टोल्यूइन, डायक्लोरोमिथेन, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन, मिथेनॉल. ठिपके खालीच बसून राहिले तर भाजणीत वर सरका, सगळे टोकाला जाऊन चिकटले तर खाली या. सॉल्व्हंट निवडण्याची निम्मी विद्या एवढीच आहे.

पहिला हात: स्केचपेन आणि फिल्टर पेपर

हा प्रयोग स्वयंपाकघरातही होतो. जाड फिल्टर पेपरची दोन सेंमी रुंद, दहा सेंमी लांब पट्टी कापा. खालच्या कडेपासून दोन सेंमीवर शिसपेन्सिलनं हलकी रेघ ओढा आणि तिच्या मधोमध काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या, मोहरीएवढा. वाळू द्या, त्याच जागी पुन्हा द्या, पुन्हा वाळू द्या. रंग गडद हवा असेल तर ठिपका मोठा न करता असा थर चढवायचा.

उंच पेल्यात एक सेंमी पाणी घ्या, चिमटीभर मीठ विरघळवा. नुसत्या पाण्यापेक्षा त्यात ठिपके जरा आखीव येतात. पट्टी आडव्या पेन्सिलीला चिकटवून अशी लोंबवा की खालची कड पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. पट्टी पेल्याच्या भिंतीला टेकता कामा नये, टेकली की त्या बाजूनं पाणी आधी चढतं आणि रंग तिरके पळतात. वरून ताटली झाका. पाणी वरच्या टोकापासून एक सेंमीवर आलं की पट्टी काढा आणि वाळण्याच्या आत पाण्याच्या सीमेवर पेन्सिलीची खूण करा. नंतर ती सीमा दिसत नाही आणि भागाकारातला छेदच हरवतो.

काळ्यातून निळा, लालसर, पिवळा असे रंग निघतात. कुठले निघतील ते पेनवर अवलंबून. निघालाच नाही, नुसता काळा ठिपका बसून राहिला, तर ती पाण्यात न विरघळणारी शाई आहे. तिला स्पिरिट लावून बघा.

कागदावर रंगांना अडवतं कोण, असं विचारलं की सगळे ‘कागद’ म्हणतात. खरं तर कागदातलं सेल्युलोज स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर धरून ठेवतं आणि पुष्कळदा तोच स्थिर प्रावस्थेचं काम करतो. ही वाटणीची कल्पना आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये मांडली. लीड्समधल्या लोकर-संशोधनाच्या प्रयोगशाळेत लोकरीतली अमिनो आम्लं सुटी करता करता त्यांना ती सापडली. १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

दुसरा हात: सिलिकाच्या प्लेटवर हळद

पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी, रोजच्या कामाची. हळद घ्यायचं कारण एवढंच की सांगलीची पेठ शेजारी आहे, घरोघरी हळद आहे आणि तिचे ठिपके उघड्या डोळ्यांना दिसतात.

इथून पुढचं काम प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट), हातमोजे घालून. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल दोन्ही विषारी, हेक्झेन चटकन पेट घेतं. जवळपास बर्नर नको.

प्लेट विकतची ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम. ती कात्रीनं कापता येते, फक्त कापताना कडेची सिलिका निघू देऊ नका. घरची करायची तर काचेच्या स्लाइडवर सिलिका जेलचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा आणि ११० अंश सेल्सियसला अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवायचा. याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. सिलिका हवेतलं पाणी ओढून घेते, आणि तिच्या जागा पाण्यानं भरल्या की तुमच्या रेणूला तिथं थारा राहत नाही. आपल्याकडं जुलैत बाहेर धो धो पाऊस लागलेला असताना काढलेले आरएफ मार्चच्या आकड्यांशी जुळत नाहीत, त्यात पोरांची चूक नसते. म्हणून आरएफची तुलना वहीतल्या जुन्या आकड्याशी करू नये, त्याच प्लेटवर शेजारी चालवलेल्या माहीत नमुन्याशी करावी.

चिमूटभर हळद छोट्या परीक्षानळीत घ्या, एक-दोन मिली ॲसिटोन घाला, हलवा आणि गाळ बसू द्या. वरचा पिवळा द्रव हा नमुना. प्लेटवर खालून एक सेंमीवर पेन्सिलनं रेघ ओढा, दाबू नका, थर फाटतो. पेन्सिलच हवी. मी विद्यार्थी असताना घाईत बॉलपेननं रेघ मारली होती. पंधरा मिनिटांनी प्लेटवर मधोमध निळा पट्टा आणि त्यात हळद बुडालेली. सरांनी काही न बोलता ती प्लेट खिडकीत उभी करून ठेवली, सत्र संपेपर्यंत.

आता ठिपका. काचेची बारीक केशनळी नमुन्यात बुडवली की द्रव आपोआप वर चढतो. ती प्लेटवर उभी धरा, क्षणभर टेकवा, उचला. टेकवून धरून ठेवलीत की ठिपका पसरत जातो. तो जेमतेम दोन मिलिमीटरचा असावा. सुरुवातीलाच ठिपका पाच मिलिमीटरचा असेल तर वर जाताना तो आणखी पसरणार आणि शेजारचे दोन पदार्थ एकमेकांत मिसळणार. नमुना जास्त घालायचा मोह सगळ्यांना होतो, ‘नीट दिसायला पाहिजे की, सर’. दिसत नसेल तर बघायची पद्धत बदला. नमुना वाढवलात की सिलिकाच्या जागा भरून जातात, उरलेले रेणू थांबायला जागा न मिळाल्यानं पुढं सरकतात आणि ठिपक्याचा झाडू होतो.

झाकणाच्या बाटलीत क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५:५ या प्रमाणात घ्या, तळाशी अर्धा सेंमी भरेल एवढंच. आत फिल्टर पेपरचा तुकडा उभा ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं थांबा, म्हणजे बाटली वाफेनं भरते. ही दहा मिनिटं कुणीच थांबायला तयार नसतं. पण बाटलीत वाफ नसेल तर चढणारा सॉल्व्हंट प्लेटवरूनच उडत राहतो, कडेला जास्त आणि मध्ये कमी, आणि ठिपक्यांची रांग वाकडी होते.

मग प्लेट चिमट्यानं सरळ आत सोडा. सॉल्व्हंटची पातळी रेघेच्या खाली आहे ना, हे आधी बघा. गेल्या वर्षी एकाची प्लेट कोरी निघाली. ‘सर, ठिपकाच गायब झाला की!’ तळाचा सॉल्व्हंट पिवळा झाला होता. ठिपका वर जायच्या आधीच खाली विरघळून गेला होता.

सगळं जमलं तर हळदीचे तीन पिवळे ठिपके मिळतात. सगळ्यात वर कर्क्युमिन, त्याखाली डिमेथॉक्सिकर्क्युमिन, सगळ्यात खाली बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन. फरक फक्त मेथॉक्सी (OCH₃) गटांचा: दोन, एक आणि शून्य. इथं पोरं अडतात. मेथॉक्सी गट असेल तर रेणू जास्त ध्रुवीय होऊन खाली राहायला हवा, असं त्यांना वाटतं. पण मेथॉक्सी शेजारच्याच हायड्रॉक्सिलला हायड्रोजन बंधानं धरून ठेवतो, मग त्या हायड्रॉक्सिलचा हात सिलिका धरायला मोकळा राहत नाही. ज्याचे दोन्ही हात गुंतलेले तो कर्क्युमिन सगळ्यात वर जातो, ज्याचे दोन्ही मोकळे तो खाली अडकतो. एका प्लेटवर एवढं रसायनशास्त्र दाखवणारा दुसरा स्वस्त पदार्थ मला तरी माहीत नाही.

त्याच प्लेटवर एका बाजूला घरी हळकुंड कुटून केलेल्या पुडीचा आणि दुसऱ्या बाजूला सुट्या विकत घेतलेल्या पुडीचा ठिपका चालवून बघा. मेटॅनिल यलो या रंगाला खाद्यपदार्थात बंदी आहे, तरी हळदीतल्या भेसळीत त्याचं नाव निघतंच. तो सल्फोनेट क्षार, म्हणजे फार ध्रुवीय, असल्यामुळं या सॉल्व्हंटमध्ये रेघेच्या आसपासच रेंगाळतो. खाली जास्तीचा पिवळा ठिपका दिसला तर संशयाला जागा आहे, पण तेवढ्यावर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. खात्री करायची तर शुद्ध मेटॅनिल यलोचा ठिपका शेजारी हवा आणि पुढची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हायला हवी.

बहुतेक पदार्थ रंगहीन असतात. त्यांच्यासाठी २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा: चमकणारा घटक मिसळलेल्या प्लेटवर हिरव्या उजेडात काळे ठिपके दिसतात. ३६६ ला काही पदार्थ स्वतःच चकाकतात, हळद त्यातली. दिव्याकडं थेट बघू नका. दिवा नसेल तर झाकणाच्या बरणीत आयोडीनचे दोन-चार खडे टाकून प्लेट आत ठेवा, ठिपके तपकिरी होतात. ते लगेच पेन्सिलनं वेढून घ्या, बाहेर काढल्यावर आयोडीन उडून जातं. अमिनो आम्लांसाठी निनहायड्रिन फवारून गरम करायचं. जांभळा रंग येतो, प्रोलिनचा मात्र पिवळा. निनहायड्रिन बोटाला लागलं तर बोटही जांभळं, आणि ते चार दिवस मिरवावं लागतं.

यंत्राच्या पोटातही हेच

एचपीएलसी म्हणजे जोराच्या दाबाखाली चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी. तिचं यंत्र बघून बिचकायचं कारण नाही. पाच मायक्रॉनच्या आसपासचे कण घट्ट भरलेली पोलादी नळी, त्यातून द्रव ढकलायला शंभराच्या पटीत बार दाब देणारा पंप आणि शेवटी डोळ्यांऐवजी डिटेक्टर. तिथं बहुधा सी-१८ कॉलम असतो, म्हणजे सिलिकावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या लावलेल्या. त्यामुळं सगळं उलटं होतं: ध्रुवीय पदार्थ आधी बाहेर, तेलकट मागून. आरएफच्या जागी रिटेन्शन टाइम येतो, म्हणजे पदार्थाला नळीतून बाहेर यायला लागणारा वेळ. गॅस क्रोमॅटोग्राफीत वाहणारा वायू असतो, हेलियम किंवा नायट्रोजन, आणि नमुना न जळता वाफ होणारा लागतो. अल्कोहोलची तपासणी तिच्यावर होते. साखर तिच्यावर तशीच घालता येत नाही, वाफ व्हायच्या आधी ती करपते.

तिसरा हात: तिखटाची नळी

कॉलम क्रोमॅटोग्राफीत पदार्थ नुसता दिसत नाही, वेगळा होऊन हातात येतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात हेच केलं. काचेच्या नळीत खडूची भुकटी भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि हिरवे-पिवळे पट्टे सुटे झाले. १९०६ मध्ये त्यानं या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्स्वेत या रशियन शब्दाचाही अर्थ रंगच. आपण पानांऐवजी मिरची घेऊ.

मिरची पूड साधी घ्या. एका वर्षी एका पोरीनं घरची वर्षाची चटणी आणली होती, कांदा-लसूण, खोबरं, तेल सगळं घालून कुटलेली. वास असा सुटला की सगळ्यांना भूक लागली. प्रयोग मात्र वाया गेला, तेलानं नळी भरून गेली आणि रंग एकमेकांत सरकले. त्यानंतर मी बिया काढून कुटलेली मिरचीच मागवतो, कारण बियांतही तेल असतं.

दोन ग्रॅम पूड वीस मिली ॲसिटोनमध्ये पंधरा मिनिटं हलवा, गाळा आणि कोमट पाण्यावर ॲसिटोन उडवून टाका. उरलेला तांबडा चिकट अर्क एक मिली हेक्झेनमध्ये घ्या. नळी दीड सेंमी व्यासाची. तळाशी कापसाचा छोटा बोळा, त्यावर वाळूचा पातळ थर. वीस ग्रॅम सिलिका, ६०-१२० किंवा १००-२०० मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा आकडा, त्यावरून कणाचा आकार कळतो), चंचुपात्रात हेक्झेनमध्ये कालवून पातळ आंबील करा आणि तोंडाला मास्क लावून सलग ओता. थांबून थांबून ओतलीत तर थर पडतात. ओतताना नळीला रबरी नळीच्या तुकड्यानं टिचक्या मारत राहा, हवेचे बुडबुडे निघतात आणि सिलिका वीस-बावीस सेंमीवर घट्ट बसते.

आता एकच नियम, पण तो मोडला तर सगळं पुन्हा: सॉल्व्हंटची पातळी सिलिकाच्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही. सिलिका वरून कोरडी पडली की तडा जातो, सॉल्व्हंट त्या तड्यातून धावतो आणि पट्टे वाकडेतिकडे होतात. जेवायला जाताना खालची तोटी बंद करून जा.

पातळी सिलिकाच्या टोकाला टेकली की अर्क ड्रॉपरनं भिंतीच्या कडेनं गोल फिरवत सोडा. तो आत मुरू द्या, वर चिमूटभर वाळू घाला, मग हेक्झेन. पहिला पिवळा-नारिंगी पट्टा सुटून झपाझप खाली येतो, तो बीटा कॅरोटीन. त्याच्यात ऑक्सिजनच नाही, त्यामुळं सिलिकाला धरायला काही नाही. तो संपला की हेक्झेनमध्ये इथाइल ॲसिटेट वाढवत न्या, आधी पाच टक्के, मग दहा, मग वीस. घाईनं एकदम वीसवर गेलात तर सगळे लाल एकत्र खाली येतील. मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिनचा, आणि पिकलेल्या मिरचीत तो बहुतेक फॅटी ॲसिडशी जोडलेला असतो. ज्याच्या दोन्ही टोकांना तेलकट शेपट्या आहेत तो लाल पट्टा आधी येतो, एक शेपटीवाला मागून, मोकळा कॅप्सँथिन सगळ्यात शेवटी.

तिखटपणा या पट्ट्यांत दिसत नाही. तो कॅप्सायसिनचा, आणि कॅप्सायसिन रंगहीन. म्हणून तर ब्याडगी घातलेला रस्सा लालभडक दिसूनही जिभेला सौम्य लागतो. पण दिसत नाही म्हणून विसरू नका, तुमच्या अर्कात ते भरपूर आहे. हातमोजे काढल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका.

खालून येणारा द्रव पाच-पाच मिलीनं परीक्षानळ्यांत धरा आणि प्रत्येक नळीवर क्रमांक टाका. मग प्रत्येकीचा एक ठिपका टीएलसी प्लेटवर. सारखे ठिपके देणाऱ्या नळ्या एकत्र करा. दोन ठिपके देणाऱ्या मधल्या नळ्या वेगळ्या ठेवा, लोभानं शुद्ध भागात मिसळू नका. उरलेला सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतायचा नाही, क्लोरोफॉर्मचा एका बाटलीत आणि हेक्झेन-इथाइल ॲसिटेटचा दुसऱ्या बाटलीत जमा करायचा.

गोळा केलेले लाल भाग काळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. आम्ही एकदा शनिवारी छान रांगेनं लावून खिडकीत ठेवून गेलो होतो, सोमवारी मुलांना दाखवायला म्हणून. हे रंग उजेडात आणि हवेत टिकत नाहीत. सोमवारी स्टँडवर बारा नळ्या होत्या आणि सगळ्यांत फिकट चहासारखं पाणी.